आधीच खाली

आग लागली त्याच्या पंचवीस दिवस आधीच माझी सुटका झाली होती. तीसुद्धा शाल आणि नारळ देऊन.

सुटका करणारे गृहस्थ म्हणजे गुळवणी, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्याच्या आदल्या रविवारी सकाळी ते छातीशी फाइल धरून माझ्या दारात उभे राहिले. आमची इमारत ठाण्यातली, अठरा मजल्यांची. मी चौदाव्यावर, एकटी, आणि चाकांच्या खुर्चीत. दीड वर्षाची असताना पोलिओने पाय नेले, बाकी सगळं ठेवलं. जीभ तर जरा जास्तच ठेवली, असं आई म्हणायची. तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, आणि रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलींना मी कधी अर्धा मार्कही दिला नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागेल.

गुळवणी म्हणाले, पुढच्या रविवारी फायर ड्रिल आहे. भोंगा वाजणार, लिफ्ट बंद होणार आणि सगळी इमारत जिन्याने खाली येणार. आमच्या भागातल्या सोसायट्यांनी मिळून स्पर्धा ठेवली होती, सात मिनिटांच्या आत इमारत रिकामी करणाऱ्याला ढाल. गुळवणींना ढालीची भारी हौस. गणपतीच्या आराशीची, रांगोळीची, ओल्या कचऱ्याची, सगळ्या ढाली त्यांनी ऑफिसात ओळीने मांडल्या होत्या. आता त्यांच्या आणि नव्या ढालीच्या मध्ये काय ते माझं बूड होतं.

मी त्यांना म्हटलं, "मी जिन्यानेच येते की. बसून. एकेक पायरी. लहानपणी येत होते. फक्त चाळीसएक मिनिटं धरा आणि माझी खुर्ची खाली आणायला एक माणूस द्या."

गुळवणींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मुलाच्या मुंजीत भांडी घासायला बसते म्हणाले होते.

"ताई, फोटोग्राफर असणार आहे," ते म्हणाले. "तुमच्यासारख्या शिक्षिकेनं असं... बरं दिसत नाही ते."

हे वाक्य माझ्या जुन्या ओळखीचं. कराडला आमची शाळा पहिल्या मजल्यावर होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मी हातांवर जोर देऊन पायरी पायरी खाली सरकायचे, आणि तोफेच्या गोळ्यासारखी मैदानात पोचायचे. मी नऊ वर्षांची असताना मुख्याध्यापिकांनी आईला बोलावून सांगितलं की मुलगी मोठी होतेय, परकर वर जातो, बरं दिसत नाही. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी वर्गातच बसून डबा खाऊ लागले. गणित चांगलं व्हायला तेही एक कारण झालं म्हणा.

तर मी भांडायला हवं होतं. मी भांडलेही असते. पण गुळवणी मुरलेले. त्यांनी फाइलमधून दुसरा कागद काढला आणि म्हणाले की कमिटीने ठरवलंय, ड्रिलच्या प्रमुख पाहुण्या तुम्हीच. साडेनऊला लिफ्टने खाली यायचं, मांडवात बसायचं आणि सगळं पाहायचं.

खरं सांगायचं तर मी विरघळले. बावन्न वर्षांत मला कुणी कशाचीही प्रमुख पाहुणी केलं नव्हतं. दुसऱ्यांच्या सत्कारांना मात्र मी नेहमी कडेला, खुर्ची अडचण होऊ नये म्हणून दाराजवळ.

दुसरे पाहुणे होते नाडगौडा. अकराव्या मजल्यावरचे, बायको वारल्यावर एकटेच राहत. त्यांना जन्मापासून दिसत नसे. पस्तीस वर्षं बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, त्यामुळे अख्ख्या ठाण्याचे नंबर त्यांना पाठ. सदऱ्याच्या खिशाला कायम दोन पेनं. आंधळ्या माणसाला पेन कशाला, असं विचारलं की म्हणायचे, "बँकेत येणाऱ्या प्रत्येक डोळस माणसाला पेन विसरायची सवय असते, बाई." कमिटीने लिफ्टला नवं काचेचं पॅनल बसवलं तेव्हापासून ते जिन्यानेच जात-येत. काचेवर बोट फिरवलं की सगळे मजले सारखेच लागतात, असं त्यांचं म्हणणं. कमिटीचं म्हणणं असं की पॅनल इम्पोर्टेड आहे.

नाडगौडांना पाहुणा व्हायचं नव्हतं. मला जिना तोंडपाठ आहे, मला ड्रिलमध्ये घ्या, असं ते गुळवणींना सांगत होते. गुळवणींना भीती, की यांच्यामागे गर्दी तुंबेल आणि आठवं मिनिट उजाडेल. शेवटी मीच मध्ये पडले. म्हटलं, "बसा हो नाडगौडा. जन्मात कधी नव्हे तो मान मिळतोय, दोन तास घेऊ की." ते म्हणाले, बरं, बाई म्हणतात तर बसतो.

ड्रिल छानच झालं. सकाळची वेळ, कोवळं ऊन. मांडवात आम्ही दोघं खुर्च्यांवर, आणि समोर जिन्यातून माणसं हसत-खिदळत बाहेर पडतायत. कुणी पोहे खात उतरलं, कुणी नातवाला कडेवर घेऊन फोटोला थांबलं. गुळवणी एकेक फ्लॅटचा नंबर पुकारून यादीवर बरोबरची खूण करत होते. आमच्या दोघांपुढे मात्र खुणेची गरजच नव्हती. कॉम्प्युटरवरच छापून आणलं होतं, '१४०३, आधीच खाली' आणि '११०२, आधीच खाली'. सहा मिनिटं चाळीस सेकंद. टाळ्या झाल्या. मला शाल, नाडगौडांना शाल, दोघांना नारळ. मी चार शब्द बोलले, सुरक्षितता हा संस्कार आहे वगैरे. मग गुळवणींनी कागद पुढे केला, नाडगौडांनी खिशातलं पेन काढून दिलं, उपचार उरकले आणि बटाटेवडे आले.

ढाल मिळाली. गुळवणींनी ती यादी लॅमिनेट करून घेतली आणि खाली लॉबीत ढालीशेजारी टांगली. नारळाची मी चटणी केली.

त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी, गुरुवारी, साडेअकराच्या सुमाराला, चौथ्या मजल्यावर विजेच्या डक्टमध्ये खरी आग लागली. तिला स्पर्धेचं कुणी कळवलेलं नसावं.

कामाला येणारी अलका अकरालाच गेली होती. मी भाजी निवडत होते. भोंगा वाजला तेव्हा मला आधी वाटलं, गुळवणींनी आणखी एखाद्या ढालीसाठी फॉर्म भरला असेल. मग जिन्यात पावलांची धावाधाव ऐकू आली, आणि या खेपेला कुणी हसत नव्हतं. दार उघडलं तर लॉबीत जळक्या रबराचा वास, लिफ्टचे दिवे गेलेले. शेजारचं कुटुंब गावाला, समोरचे दोघं नोकरीवर. वरच्या मजल्यांवरची माणसं पुढच्या मोठ्या जिन्याने खाली चालली होती. मी हाका मारल्या. एक बाई जाता जाता म्हणाली, "तुम्हाला घ्यायला येतील हां काकू," आणि गेली. कोण येतील ते तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण सांगितलं किती आपुलकीने.

१०१ लावला तर एंगेज. सगळी इमारत खाली उभी राहून एकाच वेळी १०१ लावत असणार. इंटरकॉम मेलेला. मग गुळवणींना लावला. तिसऱ्या खेपेला त्यांनी उचलला. मागे हा कल्लोळ.

"ताई, काही काळजी करू नका," मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "सगळे सुखरूप खाली आलेत."

"गुळवणी, मी वर आहे. घरात आहे."

"अहो, यादी हातात आहे माझ्या. चौदाशे तीन, आधीच खाली. एकही माणूस वर नाही. तुम्ही फक्त लिफ्ट वापरू नका."

आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, लागेना. काय झालं होतं ते मला नंतर कळलं. घाईत त्यांनी भिंतीवरची ती लॅमिनेट केलेली यादीच उचलून नेली होती. तिच्यावर सगळ्यांपुढे खूण आधीच झालेली. ते इमानदारीत एकेक नंबर पुकारत होते, कुणी ओ दिली तर ठीक, नाही दिली तर खूण होतीच. आगीत कागद जळू नये म्हणून लॅमिनेशन किती उपयोगी पडतं, हे मला त्या दिवशी समजलं.

मला भीती वाटली. उगाच शूरपणा कशाला सांगू? हातात मेथीची जुडी घेऊन मी दारात बसले होते आणि मला मरणाची भीती वाटत होती. पुढच्या जिन्यातून आता पावलं नाही, धूर येत होता. मागच्या जिन्याचं दार लॉबीच्या टोकाला, तिथपर्यंत चाकं जातील. पुढे काय?

तेवढ्यात त्या मागच्या दारावर काठी वाजली.

"बाई, आहात ना?" नाडगौडा आत आले. धापा टाकत होते. अकराव्यावरून तीन मजले चढून.

"तुम्ही वर कशाला आलात? खाली जायचं सोडून?"

"तुमचा फोन सारखा एंगेज. म्हटलं, आपण दोघंही कागदोपत्री खाली आहोत. आता फक्त पोचायचं राहिलंय. एकट्याने जाऊन काय करू?"

आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घ्यायची ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. त्या गोष्टीतला पांगळा बहुधा चौऱ्याहत्तर किलोचा नव्हता आणि आंधळ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. त्यामुळे तो मार्ग बंद. मी कपाटातून सत्काराची शाल काढली, बादलीत बुडवली, दाताने धरून मधोमध फाडली. अर्धी त्यांच्या तोंडाला, अर्धी माझ्या. शाल इतकी पातळ होती की लगेच फाटली. कमिटीने काटकसर केली ती अशी कामी आली.

जिन्याच्या तोंडाशी मी खुर्चीला ब्रेक लावला आणि जमिनीवर उतरले. गाऊन गुडघ्यांच्या वर गेला. त्रेचाळीस वर्षांनी मी पहिल्या पायरीवर बसले आणि पहिला विचार काय आला? की बरं झालं, यांना दिसत नाही. मरायच्या वेळीसुद्धा माणूस परकर सारखा करतो.

एका मजल्याला अठरा पायऱ्या, मध्ये वळण. चौदा अठरे दोनशे बावन्न. हात टेकायचे, बूड उचलायचं, खाली ठेवायचं. दोन मजल्यांत माझे दंड भरून आले. नाडगौडा माझ्या एक पायरी पुढे, काठीने चाचपत. दिवे गेलेले, जिन्याला खिडकी नाही. त्या अंधारात आमच्या दोघांत डोळस तेच.

"पुढे डावीकडे चपलांचा रॅक. उजवीकडून या." मग, "नवव्यावर सायकल आहे, लहान मुलाची, हँडल बाहेर येतं. थांबा, सरकवतो." रोज त्या वस्तूंना अडखळून अडखळून त्यांनी प्रत्येकीचा पत्ता पाठ केला होता. कमिटीला त्यांनी त्याबद्दल चार पत्रं लिहिली होती, शेजाऱ्याच्या मुलाकडून टाइप करून. उत्तर आलं होतं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

आठव्यावर रेफ्यूज एरिया. उंच इमारतीत मध्येच एक उघडी जागा ठेवलेली असते, आगीच्या वेळी आमच्यासारख्यांनी तिथे मोकळ्या हवेत थांबायचं, मग बंबवाले येऊन नेतात. मला आशा होती ती तिथली. नाडगौडांनी दार ढकललं, हललं नाही. हात फिरवला तर कुलूप. आत गणपतीचं मखर, सतरंज्या आणि मांडवाच्या खुर्च्या ठेवलेल्या असत. त्यांचं रक्षण अगदी चोख होतं. चोरी होऊ नये म्हणून किल्ली गुळवणींच्या खिशात.

मी तिथे रडले. आवाज न करता, पण रडले. तळवे सोलले होते, आणि अजून एकशे चव्वेचाळीस पायऱ्या उरल्या होत्या. नाडगौडा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "चला बाई. तास संपायला अवकाश आहे."

सहाव्याच्या खाली धूर दाट झाला. पाचव्याच्या पुढच्या वळणावर नाडगौडांना असा ठसका लागला की ते कठड्याला धरून वाकलेच. काठी हातातून सुटून खडखडत खाली गेली.

"बाई, माझा आकडा चुकला," ते म्हणाले. तोवर मी त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "कितवी पायरी आहे, कळत नाहीये."

मी त्यांचा सदरा धरून ओढला. "खाली बसा. माझ्यासारखे बसा. धूर वर आहे, इथे श्वास घेता येतो."

"बसून?"

"बसून. पायरीवर बूड टेका. बरं दिसत नाही, पण कुणी पाहत नाहीये. एक्याऐंशी उरल्यात, आकडा मी सांभाळते."

ते बसले. मग सहासष्ट वर्षांचे नाडगौडा आणि बावन्न वर्षांची मी, शाळेच्या घसरगुंडीवर बसल्यागत शेजारी शेजारी, एक्याऐंशी, ऐंशी, एकोणऐंशी असं मोठ्याने म्हणत खाली आलो. चौथ्यावर दार गरम लागलं. तिथे आम्ही नऊ पायऱ्या एका श्वासात केल्या. बत्तिसाव्या पायरीपाशी उजेड दिसला. मी त्यांना सांगितलं, त्यांनी विचारलं, "कसा आहे?" मी म्हटलं, "मळका आहे, पण आहे."

शेवटच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो होतो तिथून पार्किंग दिसत होतं. सगळी इमारत तिथे उभी होती. अग्निशमन दलाचे अधिकारी हेल्मेट काखेत धरून विचारत होते की वर कुणी राहिलं आहे का, नक्की सांगा, माझी माणसं डक्टकडे लावू की वर पाठवू. आणि गुळवणी हातातली यादी पुढे करून सांगत होते, "साहेब, शंभर टक्के रिकामी. आमच्या सोसायटीला ढाल आहे."

"गुळवणी," मी ओरडले. घशातून आवाज निघाला तो कावळ्याचा. "चौदाशे तीन आणि अकराशे दोन. आता करा खूण."

सगळे वळले. फोटोग्राफर नव्हता, म्हणून बरं. माझा गाऊन मांडीपर्यंत फाटलेला, तोंड काळं, नाकाशी अर्धी शाल. कुणीतरी चादर आणली, कुणी पाणी. मघाची ती बाई रडायलाच लागली. दोन जवानांनी आम्हाला उचलून उघड्यावर नेलं, नाडगौडांच्या नाकाला ऑक्सिजन लावला. अधिकाऱ्यांनी गुळवणींच्या हातातून यादी घेतली, प्लास्टिकवरची काजळी अंगठ्याने पुसली आणि तळाची ओळ मोठ्याने वाचली.

"सर्व रहिवासी सुखरूप खाली आल्याची मी स्वतः खात्री केली आहे. प्रमुख पाहुणे." मग मान वर करून विचारलं, "ही सही कुणाची?"

गुळवणी जमिनीकडे पाहत राहिले. हा माणूस, ज्याने सत्यनारायणाच्या पूजेलाही भाषण केलं होतं, एक शब्द बोलला नाही. बोलले असते तर त्यांच्या सोयीचंच होतं, पण नाही बोलले. तेवढं त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. बाकी कुणी ती तळाची ओळ कधी वाचली नव्हती. नाडगौडांना तर दिसतच नव्हतं. मी गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं.

तीस वर्षं मी मुलींना सांगत आले की रीत दाखवा. आणि मांडवात बटाटेवड्यांचा वास येत असताना, गळ्यात शाल, मी कागद न वाचता सही ठोकली होती. स्वतः एक पायरीही न उतरता. त्या सहीच्या जोरावर गुळवणी छाती ठोकून रिकामी म्हणत होते, आणि त्या सहीत नाडगौडाही होते, ज्यांना मीच हट्टाने खुर्चीवर बसवलं होतं.

"माझी," मी म्हटलं.

अधिकारी माझ्याकडे बघत राहिले. मग यादी काखेत घालून कामाला गेले. मी नाडगौडांकडे वळले. म्हटलं, तुम्हाला मारलंच होतं मी. आणि तरी मला न्यायला आलात. माफ करा म्हणायला तोंड नाही.

त्यांनी नाकावरचा मास्क जरासा बाजूला केला. दुसऱ्या हाताने खिसा चाचपला. खिशाला एकच पेन होतं.

"ठाऊक होतं, बाई," ते म्हणाले. "पेन माझं होतं ना. सही झाली म्हणजे आपल्याला शोधायला कुणी येणार नाही, म्हणून तर आधी वर आलो."

ते दुसरं पेन अजून माझ्याकडेच आहे. त्यांनी कधी मागितलं नाही.